जिओजेब्रा थ्रीडी: तिसरी-चौथीच्या मुलांबरोबर काही महिने वापरल्यावर

जूनपासून वर्गात भूमिती शिकवायला जिओजेब्राचं थ्रीडी कॅल्क्युलेटर हे ॲप वापरतेय. देवगड तालुक्यातली आमची दोनशिक्षकी शाळा, तिसरी-चौथी माझ्याकडे एकत्र, आणि केंद्रातल्या इतर शाळांच्या बऱ्याच शिक्षिका विचारतात की नेमकं कसं आहे, घेऊ का मुलांसाठी, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. ॲप उत्तम आहे, फुकट आहे, जाहिराती नाहीत आणि एकदा डाउनलोड केलं की नेट लागत नाही. पावसात आमच्याकडे लाइट गेली की कधी येईल सांगता येत नाही, रेंज तर एरवीही सड्यावर, म्हणजे वरच्या पठारावर, गेल्याशिवाय मिळत नाही, त्यामुळे नेटशिवाय चालणं हा माझ्यासाठी पहिला मुद्दा. थ्रीडी आकार बनवायचं टिंकरकॅडही छान आहे पण ते ब्राउझरमधून चालतं, त्यामुळे ते मी घरीच वापरते.

आता मुख्य गोष्ट. इष्टिकाचिती म्हणजे विटेसारखा आकार, तो शिकवायला आमच्याकडे टॅब लागतच नाही, दारात चिऱ्यांची, म्हणजे बांधकामाच्या दगडी ठोकळ्यांची, रास पडलेली असते. जांभ्याचा चिरा पोरांनी जन्मापासून बघितलाय, काहींचे बाबा खाणीवर जातात. त्यावर हात फिरवून पृष्ठं मोजायची, खडूने कडा रंगवायच्या, वरच्या चार, खालच्या चार, उभ्या चार, झाल्या बारा. हे स्क्रीनवर करायला गेलं की मूल आकृती फिरवतं आणि कुठली कडा मोजली तेच विसरतं. म्हणून ओळख आणि मोजणी हातात, आणि हाताला जे जमत नाही तेवढ्यापुरतं ॲप, असं मी ठरवून टाकलंय आणि इतक्या महिन्यांनी मला ते शंभर टक्के पटलंय.

हाताला काय जमत नाही, तर चिरा उघडता येत नाही. जिओजेब्रात दोन ठिकाणी बोट टेकवलं की घन तयार होतो, मग घडणीचं (घडण म्हणजे ठोकळा उलगडून सपाट केल्यावर दिसणारी आकृती) टूल घेऊन त्या घनावर टॅप करायचं, की एक स्लायडर येतो. 0 वर घन बंद, 1 वर सगळा सपाट पसरलेला, आणि मधे कुठेही थांबवता येतं. हे मधे थांबवणं फार मोलाचं आहे हो. तिसरीतली एक मुलगी बोटाने तो स्लायडर इतका सावकाश सरकवत होती आणि अर्ध्यावर थांबून म्हणाली, "बाई, ह्येचा झाकण खंय गेला?" मग तिनेच तो परत मागे घेतला, वरच्या चौरसावर नजर ठेवली आणि पुन्हा उघडला, तो शेजारच्या बाजूला चिकटून कसा खाली उतरतो ते बघत. पुस्तकात घडणीचं चित्र असतं पण बंद डबा आणि उघडा कागद यांच्या मधला प्रवास नसतो, आणि मुलं अडकतात ती नेमकी तिथेच.

त्यानंतर लगेच खरे खोके घेतले. मे महिन्यात आंब्याचा सीझन संपला की पुठ्ठ्याच्या पेट्या घरोघरी पडलेल्या असतात, त्या मी जपून ठेवल्या होत्या. पेटी उलगडली तर तिला दुमडायच्या जादा पट्ट्या निघतात, ज्या स्क्रीनवर नव्हत्या, मग त्यावर जोरदार चर्चा, ह्या कशाला, चिकटवायला, मग त्या पृष्ठात धरायच्या का, नाही. पट्ट्या कापल्यावर सहा आयत राहिले आणि वर्ग खूश.

एक लक्षात ठेवा, टूल दाबल्यावर ॲप एकच घडण दाखवतं. सहा चौरस कडेला कडा लावून जोडायच्या 35 वेगवेगळ्या रीती आहेत, त्यातल्या 11 च दुमडून घन होतो. ते शोधायचं काम चौकटीच्या वहीवर कात्री घेऊन करा, चौथीची मुलं त्यात तासन् तास रमतात, आणि कोणाचं जमलं नाही तर दोन चौरस एकमेकांवर येतायत हे ती स्वतःच दाखवतात. दुसरं म्हणजे ते टूल सपाट पृष्ठांच्या आकारांसाठीच आहे, वृत्तचिती आणि शंकू त्याने उलगडत नाहीत. तिथे मी पावडरच्या डब्याला कागद गुंडाळते, उभा कापते, आयत निघतो.

आणखी एक फायदा, जो मला सुरुवातीला एवढा वाटला नव्हता. पुस्तकातल्या घनाच्या चित्रात बाजूची पृष्ठं तिरकी काढलेली असतात, मुलं म्हणतात हा चौरस नाहीये, आणि कागदावर तो खरंच नसतो. ॲपमध्ये बोटाने घन फिरवला की तीच तिरकी बाजू समोर येऊन चौरस होते, मागच्या कडा तुटक रेषांनी दिसतात. डच शिक्षक व्हॅन हिले दांपत्याने 1957 मध्ये भूमितीच्या समजेच्या पायऱ्या मांडल्या, त्यात पहिल्या पायरीवर मूल आकार नुसता दिसण्यावरून ओळखतं, त्याचे गुणधर्म पुढच्या पायरीला. कौलारू घराचं दुपाखी छप्पर म्हणजे आडवी पडलेली त्रिकोणी चिती, हे माझ्या वर्गाला आकृती फिरवल्यावरच दिसलं, मग पाच पृष्ठं, नऊ कडा, सहा कोपरे त्यांनी स्वतः सांगितले. पृष्ठं अधिक कोपरे वजा कडा केलं की 2 येतात, चिऱ्याचेही 2 च, हे ऑयलरचं सूत्र नाव न घेता त्यांच्या वहीत आलंय.

जिओजेब्राच्या आधी एक दुसरं ॲप घेतलं होतं, नाव नको, त्यात आकार गाण्याच्या तालावर आपोआप फिरतात, मधेच जाहिरात येते आणि मूल नुसतं बघत बसतं. असलं काही घेऊ नका. मुलाच्या बोटाशिवाय आकार हलत असेल तर त्यातून काही शिकणं होत नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

अंगणवाडीच्या ताई विचारतात त्यांना सांगते, तुमच्या मुलांना हे देऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या सूचनेप्रमाणे 2 ते 4 वर्षांच्या मुलांना दिवसाला स्क्रीन एक तासापेक्षा जास्त नको, कमी तेवढं बरं, आणि त्या वयात सुपारी, नारळ, काड्यापेटी, नरसाळं हेच भरपूर.

घ्यायचंच असेल तर मोबाइल टाळा, त्यावर बोटाखाली आकृतीच झाकली जाते, टॅब हवा. एका टॅबवर दोनच मुलं बसवा, एक फिरवेल आणि दुसरं सांगेल काय दिसतंय. एआर म्हणजे आकृती टेबलावर ठेवल्यासारखी दाखवायची सोय सगळ्या फोनवर नसते, ती नाही म्हणून अडून राहू नका, स्लायडर सगळीकडे चालतो.