रात्रीचा बॅकअप: क्रॉन की सिस्टिमडी टायमर?

लिनक्स सर्व्हरवर डेटाबेसचा बॅकअप रोज रात्री आपोआप व्हायला हवा असेल, तर क्रॉनचं (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या जुन्या सोयीचं) एका ओळीत भागतं. 'क्रॉनटॅब -ई' उघडायचं, '३० २ * * *' लिहून पुढे स्क्रिप्टचा पूर्ण पाथ द्यायचा, की रोज अडीचला काम सुरू. सिस्टिमडी म्हणजे बहुतेक लिनक्सवर सर्व्हिस सुरू-बंद करणारी यंत्रणा; तिच्या टायमरला दोन फायली लागतात: काय चालवायचं ते सर्व्हिसमध्ये, कधी चालवायचं ते टायमरमध्ये. वर नव्या फायली वाचायला लावणारं डेमन-रीलोड आणि टायमर चालू करणारं 'इनेबल --नाऊ'.

तरीही बॅकअपसाठी मी टायमरच निवडतो. क्रॉनवर माझा एक बॅकअप तीन आठवडे होतच नव्हता. फाइलच्या नावात तारीख यावी म्हणून मी ओळीत डेट कमांड टाकली होती, टक्क्याच्या चिन्हासकट. टर्मिनलवर तीच ओळ बिनतक्रार चालायची. पण क्रॉनटॅबमध्ये पहिल्या टक्क्यापाशी कमांड संपते आणि उरलेला मजकूर तिला इनपुट म्हणून जातो. टक्क्याआधी बॅकस्लॅश हवा. क्रॉन चूक मेलने कळवतो, पण त्या मशीनवर मेलची सोयच नव्हती. (सर्व्हिसच्या फाइलमध्येही टक्का दोनदा लिहावा लागतो, म्हणून असली कमांड वेगळ्या स्क्रिप्टमध्येच ठेवा.)

टायमरच्या कामाचं आउटपुट जर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमडीच्या नोंदवहीत जातं, 'जर्नलसीटीएल -यू' आणि सर्व्हिसचं नाव दिलं की दिसतं. 'सिस्टिमसीटीएल लिस्ट-टायमर्स' मागची आणि पुढची वेळ सांगतं. कालचं काम अजून चालू असेल तर टायमर दुसरं सुरू करत नाही. क्रॉनमध्ये त्यासाठी एफलॉक (एकाच वेळी एकच प्रत चालू देणारी कमांड) जोडावं लागतं. अडीचला सर्व्हर बंद असला, तर 'पर्सिस्टंट=ट्रू' लिहिलेला टायमर सर्व्हर चालू होताच राहिलेलं काम उरकतो. साधा क्रॉन ते सोडून देतो.

वेळेचं दोन्हीकडे जपा. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असेल तर अडीच म्हणजे भारतात सकाळचे आठ, ऐन कामाची वेळ. टायमरमध्ये वेळेपुढे 'एशिया/कोलकाता' लिहिता येतं. ही सोय सगळ्याच क्रॉनमध्ये नाही.

शेअर्ड होस्टिंगवर (अनेकांच्या सामायिक सर्व्हरवर) किंवा सिस्टिमडी नसलेल्या अल्पाइन लिनक्सवर असाल तर क्रॉनच वापरा. फक्त 'क्रॉनटॅब -ई' ऐवजी 'क्रॉनटॅब -आर' होण्यापासून सांभाळा: कीबोर्डवर ई आणि आर शेजारी आहेत, आणि -आर न विचारता सगळं पुसतं. 'क्रॉनटॅब -एल' दाखवतं त्या यादीची प्रत आधीच काढून ठेवा.

टायमर लावलात तर रात्रीची वाट पाहू नका. सर्व्हिस आत्ताच हाताने स्टार्ट करा. रात्री ज्या वातावरणात चालणार त्याच वातावरणात ती चालेल. मग बॅकअपची फाइल उघडून पाहा.