टेकसन, सोनी आणि माझ्या खोलीतला ९ वॉटचा बल्ब

पहिला रेडिओ चार महिन्यांत गेला, तिथून हे सगळं सुरू झालं. कंपनीचं नाव घेत नाही. एरियल बुडाशी जिथं वळतं तिथली खीळ सुटली आणि एरियलनं मान टाकली. सर्व्हिस सेंटरला तीन हेलपाटे झाले. शेवटी काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "काका, एरियल वॉरंटीत बसत नाही." मग लांबच्या देशांची स्टेशनं पकडणाऱ्या शॉर्टवेव्हच्या रेडिओत वॉरंटीत बसतं तरी काय, खोकं? आमच्या कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत एका दुरुस्तीवाल्यानं ८० रुपयांत दुसरं एरियल बसवून दिलं, ते अजून घट्ट आहे. पण माझं मन त्या रेडिओवरून उडालं ते उडालंच.

मेव्हणा दुबईहून येणार होता, त्याला टेकसन पीएल-३३० आणायला लावला. आज सात महिने झाले. हौशी हॅम मंडळींचं बोलणं ऐकवणारं एसएसबी आहे, स्टेशनं आपोआप शोधून साठवणारं ईटीएम आहे, तळहाताएवढा आहे. मला बोलायचंय ते बॅटरीबद्दल. याला बीएल-५सी लागते. होय, तीच, नोकिया ११०० वाली! माझ्या टेबलाच्या खणात तसल्या दोन पडून होत्या. एक फुगलेली निघाली, ती टाकली. दुसरी बसवली आणि रेडिओ चालू. तिसरी घ्यायला मोबाईलच्या दुकानात गेलो, तर दुकानदार म्हणतोय, "काका, अजून नोकिया वापरताय व्हय?" एक बॅटरी रेडिओत, एक खिशात. महागड्या रेडिओंच्या कौतुकात असला फायदा कुणी लिहीत नाही, म्हणून मी लिहितोय.

आता रिसेप्शन. पहिला महिना मी या रेडिओला शिव्या घातल्या. रात्री ३१ मीटरच्या शॉर्टवेव्ह पट्ट्यावर नुसती घर्रर्र, त्यात मधूनच चीनचं स्टेशन, कारण ते कुठंही घुसतं. आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त मास्तरांकडे सोनी आयसीएफ-एसडब्ल्यू ७६०० जीआर आहे. त्यांच्या गच्चीवर तो ऐकला आणि जीव जळला. बीबीसी इंग्रजी असं स्वच्छ, की निवेदक श्वास घेतो तेही कळावं. मास्तर चार पेन्सिल सेल घालतात आणि त्या रेडिओला कुणाला हात लावू देत नाहीत. हे मॉडेल कंपनीनं कधीच बंद केलंय, त्यामुळं मिळालं तर जुनंच, आणि भाव ऐकून घाम फुटतो. तरी टेकसन विकून त्यात भर घालावी, इथवर माझी मजल गेली होती.

मग जूनमध्ये एका रात्री पाऊस लागला आणि लाईट गेली. रेडिओ उशाशी चालूच होता. घर्रर्र एकदम थांबली, कुणी तोंडावर हात ठेवावा तशी. त्याच ३१ मीटरवर, त्याच एरियलवर ओळीनं स्टेशनं. अंधारात मी उठून बसलो. वीस मिनिटांनी लाईट आली आणि घर्रर्र परत.

दुसऱ्या दिवशी रात्री मेन स्विच पाडला, तोही मालिका चालू असताना. त्यावर घरात काय ऐकून घ्यावं लागलं ते इथं लिहीत नाही. मग एकेक वस्तू चालू करत, रेडिओ हातात धरून घरभर फिरलो. फ्रिज निर्दोष. वायफायचा अडॅप्टर थोडा गुन्हेगार. मोबाईलचा चार्जर बराच. खरा चोर निघाला पलंगावरचा ९ वॉटचा एलईडी बल्ब. रेडिओ होल्डरजवळ नेला की घर्रर्र चढायची, दोन हात लांब गेलं की उतरायची. या बल्बांच्या पोटात वीज बदलणारं छोटं सर्किट असतं, ते सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतं आणि त्याचा कचरा थेट शॉर्टवेव्हवर सांडतो. चार्जरचंही तसंच. म्हणून रेडिओ चार्जिंगला लावून ऐकू नका, कुठल्याही कंपनीचा असो. इथं पुन्हा ती खिशातली बीएल-५सी कामाला येते, बघा.

तर माझं आधीचं मत मागे घेतो. दोन्ही रेडिओ मास्तरांच्या गच्चीवर शेजारी ठेवून ऐकले, तेव्हा दहातली आठ स्टेशनं दोन्हींवर सारखीच. सोनी पुढं जातो तो रात्री आवाज वर-खाली व्हायला लागला की. त्यातली सिंक नावाची सोय सिग्नलची एक बाजू पकडून ठेवते आणि बोलणं फाटू देत नाही. टेकसनमध्येही सिंक आहे, पण माझं काम त्यावाचून चालतं. गच्चीवर टेकसनला २० फूट वायर जोडून पाहिली. कमजोर स्टेशनं वर आली, पण जोरदार स्टेशनं एकमेकांत शिरायला लागली. वायर अर्धी केली, बरं झालं.

"ऐकायला आता आहे काय?" असं मेव्हणा विचारतो. थोडंसं खरं आहे. बीबीसी हिंदीनं ३१ जानेवारी २०२० ला शॉर्टवेव्ह सोडलं. आमच्या आबांच्या काळात नभोवाणी मंत्री केसकरांनी १९५२ च्या सुमाराला आकाशवाणीवरची सिनेमाची गाणी हटवली आणि लोक रेडिओ सिलोनकडे वळले. ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू झाली, तरी आबांच्या मर्फी रेडिओचा काटा सिलोनवरून हलला नाही. आता आकाशवाणीची डीआरएम, म्हणजे डिजिटल, प्रक्षेपणं साध्या रेडिओवर लावली तर नुसता फसफसाट ऐकू येतो. तो मी दोन दिवस बल्बचाच समजत होतो!

पुराच्या दिवसांत मात्र शॉर्टवेव्ह बाजूला पडलं. पंचगंगेचं पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकायला लागलं की माझा टेकसन आकाशवाणी कोल्हापूरच्या एफएम १०२.७ वरून हलत नाही. तिथं सोनी असता काय न् टेकसन असता काय, १०० रुपयांचा एफएमही तेवढंच सांगतो.

बल्ब बदलला. रेडिओ घेऊनच दुकानात गेलो आणि एकेक बल्ब पेटवून कानाला लावून बघितला. तिसरा मुका निघाला, तो घेतला. दुकानदार दोन गिऱ्हाईकं थांबवून माझ्याकडं बघत होता. आता अडचण एवढीच, शेजारच्या वहिनी संध्याकाळी सात वाजता इंडक्शनवर चहा टाकतात आणि तेवढा वेळ ४१ मीटर मेल्यागत होतं. गॅसवर करा म्हणून त्यांना सांगायचं कसं? तोवर सातला मी मास्तरांच्या गच्चीवर असतो.