वेबमिन वर्षभर वापरल्यावर: एसएसएल बिघडलं की आत शिरायचं कसं

गोव्यातल्या कळंगुट-बागा पट्ट्यातल्या गेस्ट हाऊस नि होमस्टेंच्या दहा-पंधरा साईटी एका व्हीपीएसवर (भाड्याच्या आभासी सर्व्हरवर) सांभाळायला वेबमिन, म्हणजे ब्राउझरमधून सर्व्हर चालवायचं पॅनेल, पुरून उरतं. फुकट आहे, १९९७पासून चालत आलंय. दिसायला जुनाट, पण सगळी सेटिंग्ज साध्या टेक्स्ट फाईलींत असतात. एसएसएल (ब्राउझर नि सर्व्हरमधलं बोलणं कूटबद्ध करणारी सोय) बिघडून पॅनेलचं दार लागलं की याची किंमत कळते.

दार लागण्याच्या तऱ्हा दोन. वेबमिनचं पोर्ट १०००० उघडतच नसेल तर बहुतेक वेळा सर्टिफिकेटच्या खासगी किल्लीची फाईल चुकलेली असते, आणि मिनीसर्व (वेबमिनचा स्वतःचा छोटा वेब सर्व्हर) सुरूच होत नाही. पोर्ट उघडतं पण ब्राउझर अडवतो, तर सर्टिफिकेटची मुदत, नाव किंवा मधली साखळी (आपलं सर्टिफिकेट मूळ संस्थेशी जोडणारी मधली सर्टिफिकेटं) तपासा. डोमेनवर एचएसटीएस ('इथे फक्त सुरक्षित जोडणीनेच या' असं ब्राउझरला बजावणारा हेडर) लावलेलं असेल तर 'तरीही पुढे जा' हे बटणच येत नाही. एचएसटीएस पोर्ट बघत नाही. त्यामुळे साईटसाठी लावलेला हेडर पॅनेललाही भोवतो.

एसएसएचला (सर्व्हरवर दुरून कमांड चालवायच्या सुरक्षित वाटेला) या सर्टिफिकेटशी देणंघेणं नाही, म्हणून तिथूनच शिरायचं. आधी 'वार/वेबमिन/मिनीसर्व.एरर' या चुकांच्या नोंदीच्या शेवटच्या वीस ओळी वाचा. मग 'ईटीसी/वेबमिन/मिनीसर्व.कॉन्फ' या सेटिंग्जच्या फाईलची प्रत काढून 'एसएसएल=१'चं '०' करा. बरेचजण इथेच थांबतात आणि रूटचा पासवर्ड उघड्यावर टाकतात, तोही एखाद्या कॅफेच्या वायफायवरून! त्याच फाईलमध्ये 'बाइंड=१२७.०.०.१' ही ओळ टाका, म्हणजे पॅनेल फक्त सर्व्हरच्या आतूनच उघडेल, नि सिस्टमसीटीएल कमांडने वेबमिन रीस्टार्ट करा. आपल्या लॅपटॉपवरून एसएसएचचा '-एल' पर्याय वापरून १०००० पोर्टचा बोगदा (लॅपटॉपचं पोर्ट सर्व्हरच्या पोर्टला जोडणारी कूटबद्ध वाट) काढा, आणि ब्राउझरमध्ये साधं एचटीटीपी लावून लोकलहोस्ट:१०००० उघडा. लोकलहोस्टला डोमेनचं एचएसटीएस लागू होत नाही, तो अडसरही सुटतो. फाईलमध्ये 'अलाव' (कुठल्या पत्त्यांना आत घ्यायचं ती यादी) ओळ असेल तर तिच्यात १२७.०.०.१ हवा, नाहीतर बोगद्यातूनही नकारच येईल. पावसात वीज गेली नि मोबाईल डेटावर काम करायची वेळ आली, तर एसएसएचचं सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल (किती सेकंदांनी जोडणी जागी ठेवायचा संदेश पाठवायचा ते) ६० ठेवा. नाहीतर बोगदा मध्येच गळपटतो.

आता मूळ दुखणं. किल्ली नि सर्टिफिकेट जोडीचे आहेत का ते पाहायला जुन्या ट्युटोरियलांत मॉड्युलस (आरएसए प्रकारच्या किल्लीतली मोठी संख्या) जुळवायला सांगतात. ते फक्त आरएसएला चालतं. लेट्स एन्क्रिप्टची फुकट सर्टिफिकेटं आणणारा सर्टबॉट हा प्रोग्राम आवृत्ती २.०पासून मुळात ईसीडीएसए या वेगळ्या प्रकारची किल्ली देतो. म्हणून ओपनएसएसएलने दोन्हींतून पब्लिक की काढा आणि त्या जुळवा. मग मिनीसर्व.कॉन्फमध्ये मार्ग तपासा: 'कीफाईल'मध्ये किल्ली, 'सर्टफाईल'मध्ये सर्टिफिकेट, 'एक्स्ट्राकाज'मध्ये मधली साखळी. 'सर्टफाईल' नसेल तर किल्ली नि सर्टिफिकेट दोन्ही एकाच पेम फाईलमध्ये लागतात. जुळलं की 'एसएसएल=१', बाइंडची ओळ काढा, रीस्टार्ट.

सगळ्यात फसवी चूक म्हणजे सर्टिफिकेट मिनीसर्व.पेम या वेबमिनच्या स्वतःच्या फाईलमध्ये कॉपी करून ठेवणं. सर्टबॉट नवं आणतो, पॅनेल जुनंच दाखवतं. नव्वद दिवसांचं सर्टिफिकेट मेअखेर घेतलं, तर पावसाळ्यात किनाऱ्यावरच्या शॅक उतरवलेल्या असतात तोवर कुणी पाहत नाही, आणि गणेश चवथीच्या आसपास ते संपतं. लेट्स एन्क्रिप्टने मुदतीच्या आठवणीच्या ईमेलीही जून २०२५पासून बंद केल्या आहेत. म्हणून 'लेट्सएन्क्रिप्ट/लाइव्ह'मधल्याच फाईलींचे मार्ग द्या आणि सर्टबॉटच्या डिप्लॉय हुकमध्ये (नवं सर्टिफिकेट आलं की आपोआप चालणाऱ्या कमांडीत) वेबमिनचा रीस्टार्ट घाला, कारण मिनीसर्व सर्टिफिकेट सुरू होतानाच वाचतं.