घरी रंगवलेली वॅगनआर: उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

गाडी 2009 ची वॅगनआर, रंग मारुतीचा नेहमीचा सुपीरियर व्हाईट. बॉनेटवरून हात फिरवला की बोटांना पांढरी भुकटी लागायची, डाव्या दाराला दोन पोचे, टपावरची चमक तर कधीच गेलेली. नाशिकच्या द्वारका भागात दोन गॅरेजवाल्यांनी सांगितलेले आकडे ऐकून डिसेंबरात इंदिरानगरच्या घरामागच्या शेडमध्ये स्वतःच रंगवली. कॉम्प्रेसर 50 लिटरचा, रंग फवारायची गन एचव्हीएलपी (हवा भरपूर, दाब कमी), 1.4 मिमी नोझलची, रंग टू-के पीयू, म्हणजे हार्डनर मिसळून घट्ट होणारा पॉलीयुरेथेन. सगळं सामान धरूनही गॅरेजच्या निम्म्याच्या आत भागलं. आता पावसाळा सरत आलाय, तेव्हा काय टिकलं आणि काय नाही ते लिहितो.

आधी माझं मत सांगून टाकतो. फिनिश गनने येत नाही, वॉटर पेपरने, म्हणजे पाणी लावून घासायच्या पॉलिश पेपरने येतं. गन फक्त माल चढवते. मला भेटणारा प्रत्येक जण 'गन कोणती घेतली?' एवढंच विचारतो. 'ब्लॉक (पेपर गुंडाळायचा सपाट ठोकळा) कोणता वापरला?' हे अजून एकानेही विचारलेलं नाही.

लांबी (पोचे बुजवायचा लगदा) भरून, सरफेसर (रंगाखालचं अस्तर) मारून पॅनल सुकलं की त्यावर काळ्या स्प्रेच्या डब्याने लांबून हलका फवारा द्यायचा, नुसती काळी धूळ बसेल इतकाच. मग रबरी ब्लॉकला 400 चा पेपर (आकडा मोठा तितका पेपर बारीक) लावून, पाणी सोडत तिरपं-उलटं तिरपं घासायचं. काळं जिथे राहतं तिथे खड्डा, आणि सरफेसर उडून खालचा पत्रा दिसायला लागला की तिथे उंचवटा. डोळ्यांना सपाट वाटणारं माझं डावं दार या काळ्याने उघडं पाडलं; हँडलखाली तळहाताएवढा काळा डाग शेवटपर्यंत हटेना. परत लांबी, परत सरफेसर. बोटांनी पेपर दाबून घासलं तर बोटांच्या रुंदीच्या नाल्या पडतात आणि पांढऱ्यावर त्या आज दिसत नाहीत, पॉलिश झाल्यावर ट्यूबलाइटखाली दिसतात. 400 नंतर 600, 800, आणि मगच रंग.

रंगाचं प्रमाण डब्यावर असेल तेच धरा. माझ्या मालाला 4 भाग रंगाला 1 भाग हार्डनर होतं. गन पॅनलपासून वीतभर, हात सरळ रेषेत, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्याच्या निम्म्यावर. छोटा कॉम्प्रेसर एचव्हीएलपीला दम देत नाही, म्हणून एकेक पॅनल, मध्ये थांबून. टाकीतलं पाणी रोज काढायचं, नाहीतर ते थेंब रंगातच येतात. आपल्याकडची हवाही बघावी लागते. डिसेंबरात सकाळी अकराच्या आधी गन हातात घेऊ नये. गार पत्र्यावर रंग लवकर धरत नाही आणि ओघळ येतात. एप्रिलच्या दुपारी उलट, थिनर हवेतच उडतं आणि रंग खरखरीत बसतो. टपाचा एक कोपरा उन्हाळ्यात टच-अप केला तो फक्त स्लो, म्हणजे हळू उडणाऱ्या थिनरमुळे जमला.

मास्कबाबत तडजोड नको. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याने दमा जडू शकतो, आणि एन-95 वाफ अडवत नाही. शेजारच्या काकांची पिंपळगावला द्राक्षबाग आहे. मला कार्ट्रिजवाला मास्क लावलेला बघून म्हणाले, "अरे, आम्ही बागेवर बोर्डोचं औषध मारतो तेव्हा तरी कुठे एवढं बांधतो?" म्हटलं, "काका, तुम्हीपण बांधत जा."

रंग सुकल्यावर पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा येणारच, घरी तर हमखास. तिथेच खरी मजा आहे. पाण्यात थोडा भांड्याचा साबण, 1500 चा पेपर. घासलेला भाग मॅट होतो आणि सालीचे खळगे चमकते ठिपके होऊन राहतात. ठिपके गेले की थांबायचं, पुढे एक हातही नाही. कडांवर रंग सगळ्यात पातळ असतो, तिथे आधी टेप. मग 2000, 3000, आणि फोम पॅडवर कटिंग कंपाउंड, म्हणजे घासल्याच्या रेषा काढणारी पेस्ट. वॅक्स महिनाभर लावलं नाही, आतलं थिनर निघून जाऊ दिलं.

आता निकाल. बॉनेटमध्ये आजही वरच्या विजेच्या तारा सरळ दिसतात. पेट्रोल भरताना झाकणाभोवती बऱ्याचदा सांडलं, रंगाला काही झालं नाही. जुना एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग असता तर तिथे पेट्रोलने खराब झाला असता. सिंहस्थाच्या कामांसाठी जिथे तिथे रस्ते उकरलेत, त्या धुळीवर कव्हर घासून टपावर बारीक रेघा आल्या. कव्हर काढून टाकलं. डाव्या दारावर मे महिन्यात 400 च्या काही रेषा पुसट वर आल्या. बारीक खड्ड्यांना वापरलेली हार्डनरशिवायची तयार पुट्टी उन्हात आणखी बसली, एवढंच. ती पुट्टी कोणी फुकट दिली तरी घेऊ नका.

बंपर मात्र फसला. वॉशिंग सेंटरच्या प्रेशरने खालच्या कडेचा पापुद्रा निघाला. त्याच्यावर प्लास्टिक प्रायमर होतं, पण लवचिक भागाला रंगातही वेगळं मिश्रण लागतं, आणि ते मला शेडमध्ये नीट जमेल असं वाटत नाही. बंपर गॅरेजलाच देणार.

कोणी करावं? पांढरा, लाल, काळा असा साधा रंग असेल, शेड असेल आणि घासायचा कंटाळा नसेल त्याने. मेटॅलिक सिल्व्हर असेल तर नको. त्यातले कण गनच्या हाताप्रमाणे बसतात, ढग दिसतात आणि ते घासून जात नाहीत. आणि हौसेने रंगच बदलणार असाल तर आरसीवर नोंद करून घ्या, नाहीतर पुढे गाडी विकताना अडकाल.