त्बिलिसीत वापरलेली स्क्रम कॅप : एका वैद्यकीय विद्यार्थ्याचे परीक्षण

जॉर्जियात वैद्यकीय शिक्षणासाठी येणाऱ्या मराठी मुलांच्या बॅगेत स्टेथोस्कोप असतो, अ‍ॅप्रन असतो, कुकर आणि गोडा मसालाही असतो. स्क्रम कॅप, म्हणजे रग्बी खेळताना डोके आणि कान झाकणारी मऊ टोपी, मात्र कोणी आणत नाही. तरीही ती इथे लागू शकते, कारण हा देश खऱ्या अर्थाने रग्बीचा आहे. गुरिया प्रांतातील शुखुती गावात दरवर्षी ईस्टरच्या दिवशी सुमारे 16 किलो वजनाचा चेंडू आपापल्या बाजूच्या ओढ्यापर्यंत नेण्यासाठी अख्खे गाव दोन गटांत विभागून रेटारेटी करते. लेलो बुर्ती या त्या जुन्या खेळावरूनच राष्ट्रीय रग्बी संघाला ‘लेलोस’ हे नाव पडले, आणि याच संघाने नोव्हेंबर 2022 मध्ये कार्डिफला जाऊन वेल्सला 13-12 असे हरवले. अशा देशात, त्बिलिसीसारख्या शहरात, उंच विद्यार्थी मैदानाच्या कडेला उभा दिसला की त्याला स्क्रमच्या, म्हणजे दोन्ही संघांचे पुढचे खेळाडू एकमेकांना भिडून फळ्यांनी ढकलतात त्या रचनेच्या, दुसऱ्या फळीत बोलावणे येतेच. मी याच फळीत, म्हणजे लॉकच्या जागेवर खेळतो. गेल्या हंगामापासून वापरत असलेल्या कॅपबद्दल लिहावेसे वाटले, कारण तिच्याकडून नेमकी कसली अपेक्षा ठेवायची याबाबत खेळणाऱ्या मुलांचा, आणि त्याहून अधिक त्यांच्या आईवडिलांचा, मोठा गैरसमज असतो.

माझी कॅप साधी आहे : मऊ फोमचे तुकडे शिवलेली, मागे नाडी असलेली, हनुवटीखाली पट्टा असलेली आणि वर्ल्ड रग्बी या खेळाच्या जागतिक संघटनेच्या मान्यतेचे चिन्ह असलेली. मला ती शंभर लारींच्या (लारी हे जॉर्जियाचे चलन) आसपास पडली. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण नेहमीच्या मान्यताप्राप्त कॅपमध्ये फोमची जाडी आणि घनता यांवर नियमानेच मर्यादा असते. जाडी जेमतेम 1 सेंटिमीटर भरते. त्यामुळे एका कंपनीच्या आणि दुसऱ्या कंपनीच्या कॅपमध्ये जो फरक जाणवतो, तो बहुतेक वेळा मापाचा आणि शिलाईचा असतो.

लॉकला पुढच्या फळीतील प्रॉप आणि हूकर यांच्या कमरांमध्ये डोके खुपसून ढकलावे लागते. दोन्ही बाजूंनी कान घासले जातात, दुमडले जातात, चिरडले जातात. बाह्यकर्णाच्या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण वरच्या पातळ आवरणातून होते. घर्षणाने हे आवरण सुटले आणि मधल्या पोकळीत रक्त साठले, तर कूर्चेचे पोषण तुटते. साठलेले रक्त वेळेवर काढून दाबपट्टी बांधली नाही, तर तिथे वेडीवाकडी, टणक ऊती तयार होऊन कानाचा आकार कायमचा बदलतो. कोल्हापूरच्या तालमीत मोडलेल्या कानाकडे पैलवानाची निशाणी म्हणून आदराने पाहिले जाते आणि जॉर्जियातही, जिथे कुस्तीला तितकाच मान आहे, तीच भावना आढळते. मला त्या भावनेबद्दल मनापासून आदर आहे. पण ज्याला पुढची कित्येक वर्षे दिवसातून अनेकदा स्टेथोस्कोप कानात घालायचा आहे, त्याने सुजलेला किंवा आक्रसलेला कान पत्करू नये, कारण विकृती वाढली तर कर्णनलिकेचे तोंडही अरुंद होऊ शकते.

हे एक काम माझ्या कॅपने उत्तम केले आहे. सरावानंतर कान लाल होणे, वरच्या कडेला सोलवटणे, उशीवर कूस बदलताना ठणकणे हे सगळे थांबले. डोक्याची कातडी खरचटण्यापासून आणि छोट्या जखमांपासूनही ती बऱ्यापैकी वाचवते. आमच्यातील काही जण कॅपऐवजी डोक्याभोवती इन्सुलेशन टेप गुंडाळून कान चपटे बसवतात. खर्च नगण्य आहे आणि कान दुमडण्यापासून ते वाचवतेही, परंतु ती काढताना केस उपटले जातात आणि घामाने पट्टी सैल झाली की सामन्याच्या मध्यावर ती पुन्हा बांधावी लागते.

आता ज्यासाठी पालक ही कॅप घ्यायला सांगतात त्याबद्दल. कन्कशनपासून, म्हणजे धडकेने मेंदूला बसणाऱ्या हादऱ्यापासून, ती वाचवते असे समजून कृपया कोणी ती घेऊ नये. धडकेत किंवा डोके झटक्याने फिरल्यावर मेंदू कवटीच्या आत हलतो, आणि कवटीबाहेरचा सेंटिमीटरभर फोम त्या हालचालीला आवर घालू शकत नाही. ऑस्ट्रेलियात तरुण रग्बी खेळाडूंवर केलेल्या आणि 2009 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या यादृच्छिक चाचणीत अशा कॅपमुळे कन्कशनचे प्रमाण कमी झाल्याचे आढळले नाही. मला खरी भीती वाटते ती कॅप घातल्यावर येणाऱ्या फाजील धिटाईची. टॅकल करताना डोके चुकीच्या बाजूला ठेवणाऱ्याला कोणतीही कॅप तारू शकत नाही. धडकेनंतर गोंधळ, डोकेदुखी, मळमळ किंवा तोल जाणे यांपैकी काहीही जाणवले तर त्याच क्षणी मैदान सोडावे आणि त्या दिवशी परतू नये. हौशी खेळाडूने दुखापतीपासून किमान 21 दिवस सामना खेळू नये, असे वर्ल्ड रग्बीचे मार्गदर्शन आहे. आपल्यासाठी तर त्याचा अर्थ अभ्यास आणि क्लिनिकल पोस्टिंग या दोन्हींशी भिडतो : भारताच्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या 2021 च्या नियमांनुसार किमान 54 महिन्यांचा अभ्यासक्रम आणि त्याच परदेशी संस्थेत 12 महिन्यांची इंटर्नशिप पूर्ण करावी लागत असताना, लक्षणे लपवून वाचत बसण्याचा मोह होतो. तो मोह टाळलाच पाहिजे, आणि पहिले एक-दोन दिवस पुस्तक आणि पडदा दोन्ही कमी केले पाहिजेत.

गैरसोयींपैकी सर्वांत त्रासदायक आहे ती ऐकण्याची. कानांवर छिद्रे आहेत, तरी आवाज दबतो. कर्णधाराच्या जॉर्जियन भाषेतील सूचना मला एरवीच अर्ध्यामुर्ध्या कळतात; कॅप घातल्यावर त्याच्या हातांकडे पाहण्याची सवय लावावी लागली. उन्हाळ्यात डोके तापते, हिवाळ्यात मात्र तीच ऊब हवीशी वाटते. घामाचा वास लवकर धरते, म्हणून सरावानंतर कोमट पाण्यात साबणाने हाताने धुवावी आणि हवेशीर जागी वाळवावी. वसतिगृहातील हीटरवर ठेवू नये. उष्णतेने फोम कडक होतो आणि मग टवके उडतात.

घेताना भुवयांच्या वरून डोक्याचा घेर टेपने मोजून जावे. घालून पट्टा बांधल्यावर समोरची कड धरून जोराने मागे ढकलून पाहावी आणि दुसऱ्याला ती बाजूने ओढायला सांगावी. ती डोळ्यांवर सरकली किंवा कानाची छिद्रे जागची हलली, तर लहान माप घ्यावे. सेकंडहँड मिळाली तर शिवण आणि फोम बोटांनी चाचपून पाहावा.

लॉक आणि आठव्या क्रमांकाचा खेळाडू यांना मी ती नक्की सुचवेन; प्रॉप आणि हूकर यांनाही. विंगवर किंवा फुलबॅकला, म्हणजे स्क्रमच्या बाहेर, खेळणाऱ्याने हे पैसे आधी दातांच्या चांगल्या माउथगार्डवर खर्च करावेत. 2025 मध्ये मुंबईत रग्बी प्रीमियर लीग झाल्यापासून आपल्याकडे सेव्हन्सची, म्हणजे सात-सात खेळाडूंच्या रग्बीची, ओळख वाढली आहे. त्या प्रकारात स्क्रम तिघांचाच असतो आणि मागून ढकलणारी दुसरी फळीच नसते, त्यामुळे सुटीत घरी येऊन फक्त सेव्हन्स खेळणार असाल तर कॅप त्बिलिसीतच ठेवली तरी चालेल.