खेळाडू जाणारच, मग करार कोणता?

छोट्या लीगमधल्या फुटबॉल क्लबाला चांगला खेळाडू फार काळ धरून ठेवता येत नाही. करार संपला की तो फुकट जातो, म्हणून दीड-दोन वर्षं शिल्लक असतानाच ठरवायला हवं.

सगळी रक्कम आत्ताच रोख घेणं सर्वांत सोपं. पगार थकले असतील तर तेच करा. पण मोसमाच्या मध्यात विकलंत, तर बदली खेळाडूचा भाव लगेच चढतो. तुमच्याकडे पैसा आलाय आणि घाई आहे, हे समोरच्याला कळलेलं असतं.

दुसरी वाट पुढच्या विक्रीतल्या हिश्श्याची. २०१५ मध्ये नेदरलँड्सच्या विलेम टू क्लबने फ्रेंकी डी यॉंगला तिथल्याच आयाक्स क्लबाकडे १ युरोत सोडलं, १० टक्के हिस्सा राखून. २०१९ मध्ये बार्सिलोनाने त्याच्यासाठी ७.५ कोटी युरो मोजले. इथे घात शब्दांत असतो. २० लाखांना दिलेला खेळाडू पुढे १ कोटीला गेला, तर ‘विक्रीच्या १० टक्के’ म्हणजे १० लाख, ‘नफ्याच्या १० टक्के’ म्हणजे ८ लाख. खेळाडूंची अदलाबदल झाली तर किंमत कशी धरायची, हेही लिहून घ्या. आणि तो पुढे फुकट गेला, तर हिस्सा शून्य.

तिसरी वाट आम्हाला सर्वांत शहाणी वाटते: विका, पण मोसम संपेपर्यंत लोनवर, म्हणजे उसना, परत घ्या. क्रोएशियाच्या दिनामो झाग्रेबने सप्टेंबर २०२०मध्ये बचावपटू योश्को ग्वार्दिओलला जर्मनीच्या लाइपझिग क्लबाला विकलं, पण तो मोसमभर झाग्रेबलाच खेळला. मार्च २०२१मध्ये टॉटनहॅमला ३-० हरवून युरोपा लीगबाहेर काढणाऱ्या संघात तो होता. पैसेही आले, बदली शोधायला वर्षही मिळालं. भाव थोडा उतरवावा लागला तरी ही अट सोडू नका.

नॉर्वेच्या बोडो/ग्लिम्ट क्लबने आणखी एक केलं: खेळण्याची पद्धत बदलली नाही, त्यामुळे नवा माणूस लवकर बसतो. २०२०मध्ये तिथून मिलानला गेलेला हाउगे २०२४मध्ये बोडो/ग्लिम्टलाच परतला.

फिफाचा एकजुटीचा वाटा या सगळ्याहून वेगळा. आंतरराष्ट्रीय ट्रान्सफरच्या रकमेतले ५ टक्के घडवणाऱ्या क्लबांना जातात: १२ ते १५ वयाच्या प्रत्येक मोसमाला ०.२५, १६ ते २३ला ०.५ टक्के. १२ ते १८ या वयात खेळाडू तुमच्याकडे असेल तर २.५ टक्के. नोंदणी मोसमागणिक, तारखेनिशी हवी. मधला मोसम नोंदवला नाही तर त्याचा वाटा मागणं अवघड. गोव्यातल्या क्लबाने मात्र लक्षात ठेवावं: खेळाडू इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) भारतीय क्लबाकडे गेला, तर फिफाचा हा वाटा आपोआप लागू होत नाही. तिथे हिस्सा करारातच मागावा लागतो.