रक्तपेढीतल्या रात्रपाळ्या आणि रक्तपिपासूंच्या गोष्टी: आठ-नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

गणपती उठल्यावर सुरुवात केली होती, आता रोहिणी लागल्यात. मी सोलापुरात एका रक्तपेढीत टेक्निशियन आहे आणि आठवड्याला दोन-तीन रात्रपाळ्या असतात. रात्री दोन ते चार हा वेळ कठीण जातो. फ्रिजची घरघर, तापमानाची नोंद, मधूनच एखादा धापा टाकत आलेला नातेवाईक. झोप येऊ नये म्हणून भाच्याला म्हटलं, काहीतरी दणकट सुचव. तो म्हणाला, "मावशी, तू रक्तातच काम करतीस की, मग व्हॅम्पायरच वाच." तेव्हापासून पुस्तकं, सिनेमे आणि भाच्याच्या कॉम्प्युटरवर एक मोठा गेम, असं सगळं झालं. काय टिकलं आणि काय नाही, ते सांगते. काही ठिकाणी कथानक थोडं उघडं पडेल.

ब्रॅम स्टोकर यांचं 'ड्रॅक्युला' १८९७चं. हक्क केव्हाच संपलेत, त्यामुळे इंग्रजी मूळ इंटरनेटवर रीतसर फुकट मिळतं. सगळी कादंबरी डायऱ्या, पत्रं, तारा, वर्तमानपत्रांची कात्रणं, जहाजाची नोंदवही अशा तुकड्यांची आहे. रात्रपाळीला हे फार सोयीचं पडलं. दोन नोंदी वाचल्या की फोन वाजतो, बाळंतिणीला पिशवी हवी असते. तासाभराने परत आलं तरी धागा हाती लागतो.

मी खरी अडकले ती लुसी नावाच्या तरुणीपाशी. ती दिवसेंदिवस पांढरी पडत जाते आणि प्रोफेसर व्हॅन हेल्सिंग तिला थोड्या दिवसांत चार पुरुषांचं रक्त देतात: तिचा होणारा नवरा आर्थर, डॉक्टर सीवर्ड, स्वतः प्रोफेसर आणि क्विन्सी मॉरिस. गट बघणं नाही, क्रॉसमॅच (देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं रक्त आधी जुळवून बघणं) नाही. ड्रॅक्युला त्या पानांवर दिसतसुद्धा नाही, तरी मी खुर्चीत ताठ बसले. चुकीच्या गटाचं रक्त गेलं तर पेशी फुटतात, लघवी लाल होते, मूत्रपिंडं बंद पडू शकतात. कार्ल लँडस्टायनर यांनी रक्तगट जगासमोर मांडले १९०१ साली, म्हणजे पुस्तकानंतर चार वर्षांनी. स्टोकर यांना हे कळायला मार्गच नव्हता. पण त्या अज्ञानातून एक विलक्षण गोष्ट उभी राहिली. एकीकडे न विचारता ओरबाडून घेणारा, दुसरीकडे बाही वर करून दंड पुढे करणारे चौघं. ही कादंबरी रक्त पिण्याइतकीच रक्त देण्याची आहे, हे मला एकाही सिनेमाने सांगितलं नव्हतं. आमच्याकडे पहिल्यांदा रक्त द्यायला येणारा मुलगा फॉर्मवर सही करताना जसा गंभीर होतो, तसा मला तो आर्थर दिसला.

अजून एक. ड्रॅक्युला छातीत खुंटा ठोकून मरतो असं मी धरून चालले होते. पुस्तकात त्याचा शेवट दोन सुऱ्यांनी होतो, एक त्यातला तरुण वकील जोनाथन हार्कर याची कुकरी आणि दुसरा क्विन्सीचा बोवी सुरा. आणि लंडनमध्ये तो भरदिवसा रस्त्याने हिंडतो. उन्हाने त्याची शक्ती घटते, पण जीव जात नाही. उन्हाने मरण्याचा नियम आला १९२२च्या 'नोस्फेराटू' या जर्मन मूकपटातून. दिग्दर्शक मुर्नाऊ यांनी परवानगी न घेता, नावं बदलून तो काढला. स्टोकर यांच्या पत्नी फ्लॉरेन्स कोर्टात गेल्या आणि सगळ्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम झाला. काही प्रती वाचल्या म्हणून आज आपण तो पाहतो. मी पाहिला तो एप्रिलमध्ये, नाइट ड्यूटी करून आल्यावर, दुपारी दारं-खिडक्या लावून. बाहेर त्रेचाळीस डिग्री, गल्लीत चिटपाखरू नाही. त्यातला रक्तपिपासू काउंट ऑरलॉक पहाटेच्या उजेडात विरून जातो तेव्हा पडद्याच्या फटीतून आलेली उन्हाची पट्टी माझ्या पायावर होती. सोलापूरच्या माणसाला हा नियम समजावून सांगावा लागत नाही.

पण उन्हापेक्षा मला पटलेला नियम उंबऱ्याचा. घरातल्या कुणीतरी 'ये' म्हटल्याशिवाय तो पहिल्यांदा आत येऊ शकत नाही. हे वाचलं आणि लहानपणीची आमची गल्ली आठवली. शेजारी कन्नड बोलणाऱ्या एक आजी राहायच्या. नव्वदच्या दशकात कर्नाटकात एक वावडी पसरली होती, की रात्री एक बाई ओळखीच्या माणसाच्या आवाजात दारावर हाका मारते आणि दार उघडणारा मरतो. म्हणून लोक दारावर 'नाळे बा' लिहायचे, म्हणजे 'उद्या ये'. ती वाचून परत जायची, दुसऱ्या रात्री यायची, पुन्हा तेच वाचायची. आजींनीही खडूने लिहिलं होतं. मी विचारलं, "आज्जी, येऊ नको असंच का नाही लिहीत?" त्या म्हणाल्या, "दारात आलेल्याला नको म्हणत नाहीत गं." स्टोकर यांच्या पुस्तकाचं नावही त्यांनी ऐकलं नसेल.

तेव्हापासून मी प्रत्येक गोष्टीत दार कोण उघडतं तेच बघते. शेरिडन ले फानू यांच्या 'कार्मिला'त, जी 'ड्रॅक्युला'च्या पंचवीस वर्षं आधीची आहे, मुलीचा बापच गाडीच्या अपघातातून वाचलेल्या पाहुणीला घरात ठेवून घेतो. पाहुणचाराची ही शिक्षा फार बोचते. जेमतेम शंभरेक पानांची आहे, सुरुवात करणाऱ्याने इथूनच करावी. २०२५च्या 'सिनर्स' या सिनेमात १९३२ सालचं मिसिसिपी आहे आणि अख्खी रात्र एका नाचगाण्याच्या अड्ड्याच्या दाराशी चालते. 'आत या' असं शेवटी कोण आणि का म्हणतं, ते सांगत नाही.

सगळ्यांत वरचढ मात्र स्वीडिश सिनेमा 'लेट द राइट वन इन', २००८चा. बारा वर्षांचा ऑस्कर, शाळेत मार खाणारा, आणि शेजारी राहायला आलेली एली. तो तिला चिडवायला 'ये' म्हणतच नाही. ती तशीच आत येते, उभी राहते आणि तिच्या कातडीतून, डोळ्यांतून, कानांतून रक्त झिरपायला लागतं. तो घाबरून ओरडतो, की ये, तू येऊ शकतेस. मी तो प्रसंग तीनदा मागे घेऊन पाहिला. रोज रक्त बघणारी मी, पण तिथे हात गार पडले. नियम मोडला तर काय होतं हे इतर कुणी दाखवायची तसदीच घेतली नव्हती, आणि इथे ते एका पोराच्या खोडीतून दाखवलं.

'ट्वायलाइट' दोन भागांनंतर सोडलं. तिथे हा नियमच नाही, नायक नायिकेच्या खोलीत न विचारता येऊन ती झोपलेली असताना बघत बसतो आणि पुस्तक त्याला प्रेम म्हणतं. मला ते सहन झालं नाही. ॲन राइस यांचं 'इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर' चांगलं आहे. मोठी न होणारी क्लॉडिया विसरता येत नाही. पॅरिसचा भाग मला रेंगाळलेला वाटला.

आपल्याकडचं म्हणाल तर नारायण धारप यांचं 'लुचाई' जरूर वाचा. स्टीफन किंग यांच्या १९७५च्या 'सेलम्स लॉट'वर ते बेतलेलं आहे, पण माणसं आणि बोलणं आपलं आहे, त्यामुळे भीती जास्त जवळ येते. मूळ आधी वाचलेलं असूनही मला रात्री कॉरिडॉरचा दिवा लावावा लागला. एक गैरसमज मात्र मनातून काढा. रिचर्ड बर्टन यांनी १८७०मध्ये वेताळकथा इंग्रजीत नेल्या तेव्हा नाव दिलं 'विक्रम अँड द व्हॅम्पायर'. 'चांदोबा' वाचून मोठं झालेल्यांना माहीत आहे की आपला वेताळ प्रेतात शिरून झाडाला लटकतो, कोडी घालतो आणि उलट राजाचा जीवही वाचवतो. त्याला रक्तपिपासूंच्या रांगेत बसवणं अन्याय आहे. रामसे बंधूंचा 'बंद दरवाजा' (१९९०) एकदा पाहायला ठीक, त्यात रक्तपिपासू झालेल्या अनिरुद्ध अग्रवाल यांची उंची आणि चेहरा पुरेसा आहे.

आता गेम. 'व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स' फोनवर फुकट आहे, अर्ध्या तासाचा डाव, चहाच्या सुट्टीला बरा. नावापलीकडे व्हॅम्पायर त्यात नाहीच.

'व्हॅम्पिर' (२०१८) मात्र मी चार महिने खेळते आहे. १९१८चं लंडन, इन्फ्लुएंझाची साथ, आणि नायक जोनाथन रीड रक्त देण्याच्या तंत्रातला तज्ज्ञ डॉक्टर, जो स्वतः व्हॅम्पायर झालाय. त्या साथीत हिंदुस्थानात कोटीहून जास्त माणसं गेली, त्यामुळे ते रस्ते मला परके वाटले नाहीत. गेमची रचना अशी, की एखाद्या माणसाशी जितकं बोलाल, त्याची गुपितं जितकी कळतील, त्याचा आजार जितका बरा कराल, तितकं त्याचं रक्त जास्त मोलाचं. म्हणजे आधी औषध द्यायचं, घरची चौकशी करायची आणि मग प्यायचं. प्यायलात तर ताकद वाढते, पण त्या वस्तीची तब्येत ढासळते. कुणाचंच प्यायलं नाही तर मारामाऱ्या फार अवघड जातात. माझा हात तसाही कीबोर्डवर धीमा, एकेका लढाईला दोन-दोन रविवार गेले. शिवाय सेव्ह एकच असतो. भाचा पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "मावशी, ह्यात मागं जाता येत नाही बरं का."

लढाया कंटाळवाण्या आहेत, चेहरे लाकडी आहेत, गेम उघडायला वेळ लागतो. तरी पैसे वसूल झाले असं मी म्हणेन. व्हाइटचॅपलमध्ये डोरोथी क्रेन नावाची नर्स आहे, गरिबांसाठी चोरून दवाखाना चालवते, आणि त्यासाठी तिने चुकीचा मार्ग धरलाय. तिचं काय करायचं ते गेम तुमच्यावर सोडतो. भाचा मागे उभा राहून म्हणत होता, पी, लेव्हल वाढंल. मी तिच्याशी बोलून, समजावून तिला सोडलं. तो वैतागून निघून गेला. मी जोनाथनला पुढच्या गल्लीत नेलं, खोकणाऱ्या एका माणसाला औषध दिलं, गेम बंद केला आणि डबा घेऊन ड्यूटीला निघाले. उन्हाळ्यात कॉलेजं बंद, रक्तदानाचे कॅम्प कमी, त्यामुळे त्या रात्री ओ निगेटिव्हची एकच पिशवी शिल्लक होती.